कच्च्या रंगाचा मासा

पप्पांचे पाय बघितले की मला राग येतो, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नाही म्हणून आणखी येतो. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या कंपनीने पप्पांचं कंत्राट संपवलं, त्यानंतर ते बदलापूरच्या एका नव्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. बारा तासांची ड्युटी. केबिनमध्ये प्लॅस्टिकची एक खुर्ची होती, ती सोसायटीने मीटिंगमध्ये ठराव करून काढून टाकली. बसलेला वॉचमन गेटवर बरा दिसत नाही म्हणे. उभं राहून राहून पप्पांच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या, मग घोट्याजवळची कातडी काळी पडायला लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, काका, उभं राहायचं काम सोडा, नाहीतर जखम होईल आणि ती लवकर भरणार नाही. सांगायला काय जातं! मम्मी घरी जीन्सचे खिसे शिवते, नगावर पैसे. मी बदलापूरला एका लॅबच्या काउंटरवर बसते. आम्हा दोघींच्या कमाईत घरभाडं आणि किराणा निघतो, पुढे घोडं अडतं. म्हणून पप्पा गेटवर उभे होते. त्यांना तिथून घरी आणायचं, एवढा एकच विषय आमच्या घरात चालू होता, आणि ती कामगिरी आम्ही एका माशावर सोपवली होती.

मासा म्हणजे कोरी. अंगठ्याएवढी, तोंडाला मिशा, दिवसभर तळाशी वाळू हुंगत फिरणारी. आपल्याकडची शिंगटी नाही का, तिच्याच मिशीवाल्या खानदानातली. लोक ती काचेच्या टाकीत शोभेला ठेवतात, खाली पडलेलं खाद्य साफ करते म्हणून. साधी कोरी तपकिरी असते, घासायचं राहून गेलेल्या पितळी तांब्यासारखी. पप्पांकडे होती ती नारिंगी. कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर एक जण राहायचे, ते बाहेरगावी गेले की त्यांच्या टाकीत खाद्य टाकायचं काम पप्पांकडे असायचं. ते घर सोडून गेले तेव्हा जाताना सहा मासे बादलीत घालून पप्पांना देऊन गेले. म्हणाले, “काका, हे साधे समजू नका. व्हेनेझुएलाच्या नदीतले आहेत, तिथलेच असे नारिंगी असतात. बाकी ठिकाणचे सगळे तपकिरी.”

पप्पा तो शब्द पाठ करत घरी आले. व्हेनेझुएला कुठे आहे ते मी त्यांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी नकाशा बोटांनी मोठा करून करून नदी शोधली, सापडली नाही. मम्मीने पहिल्याच दिवशी त्या देशाचं ‘विनाझोळा’ करून टाकलं. “तुमच्या विनाझोळ्याला जेवायला घातलं का? मग या आता तुम्ही जेवायला,” असं ती रोज म्हणायची. पप्पा हसायचे. त्या दिवसांत ते हसायचे, हे मला लिहून ठेवलं पाहिजे.

मग आम्ही चौकशी केली आणि भाव ऐकून थक्क झालो. जात एकच, आकार एकच, खाणं एकच. पण एका नदीतली कोरी तपकिरी, दुसऱ्या नदीतली पाठीवर हिरवट चमकणारी, तिसऱ्या नदीतली नारिंगी. तपकिरी कोरी वडापावच्या भावात मिळते. नारिंगी एकीच्या किमतीत चौघांचं हॉटेलात जेवण होईल, वर मसाला पान. दुकानदार पहिला प्रश्न विचारतात तो माशाच्या तब्येतीचा नाही. विचारतात, “गाव कुठलं?” धंद्यातला शब्दच आहे तो. ज्या नदीतून मूळ मासा धरला ते त्याचं गाव, आणि गावावर भाव.

हा प्रश्न ऐकून पप्पांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं होतं. आम्हाला तो नवा नाही. माझे आजोबा नोकरीसाठी अंबरनाथला आले, पप्पा इथेच जन्मले, मी इथेच, आमचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. तरी ओळख होऊन पाच मिनिटं झाली की समोरचा विचारतो, गाव कुठलं तुमचं? अंबरनाथ म्हटलं की हसतो. ते नाही हो, मूळ गाव. मूळ गाव सांगितलं की आडनाव, आडनाव सांगितलं की, अच्छा अच्छा. त्या ‘अच्छा’नंतर माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो की नाही हे बघायची मला इतकी सवय झाली आहे की आता मी काउंटरवर बसून लोकांच्या पायांकडेच बघते. पप्पा याबाबतीत माझ्याहून शांत. ते म्हणायचे, माणसाला गाव विचारू नये, काम विचारावं.

सहाचे साठेक मासे व्हायला दीडेक वर्ष लागलं. आमच्या दीड खोलीत मम्मीच्या मशीनशेजारी तीन टाक्या आल्या, पलंगाखाली टब आले. पलंगावर झोपलं तरी खालून पंपाची बुडबुड ऐकू यायची. नळाला येणारं बारवी धरणाचं पाणी माशांना मानवलं. पप्पा ड्युटीवरून आले की पाय उशीवर ठेवून टाकीसमोर आडवे व्हायचे आणि हिशेब सांगायचे. दर महिन्याला अमुक मासे नारिंगीच्या भावाने गेले तर पगाराएवढे पैसे. एवढंच. बंगला नको होता आम्हाला. एक माणूस बसून काम करणार, एवढंच हवं होतं.

नारिंगी रंग खुलतो काळ्या वाळूवर, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं. विकतची काळी वाळू परवडणारी नव्हती. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांची स्कूटर मागून आम्ही दोघं बारवीच्या बाजूला गेलो. धरणाच्या अलीकडे एका पाड्याजवळ ओहोळ आहे, त्याच्या तळाला काळे दगड आणि बारीक काळी रेती. पप्पा पँट दुमडून गोणी भरत होते. पाण्यात एक बाई मासे धरत होती, साठीची असेल. तिने आम्हाला विचारलं, “वालू कशाला नेताव? घर बांधताव का?”

“माशांना,” पप्पा म्हणाले.

बाई हसून हसून काठावर बसली. माशांना वाळू! मग तिने आपल्या टोपलीत हात घालून एक शिंगटी आमच्यापुढे धरली. काळीभोर होती. “ही बगा, व्हलातली. आनि धरनातली पिवली. धोंडा काला तं मासा काला, चिकल पिवला तं मासा पिवला. बाजारात लोका कालीला जास्त पैसं देतात, म्हनतात हीच खरी. कसली खरी नि कसली खोटी! धरनातली आनून चार दीस व्हलात सोडा, तीबी कालीच व्हते. शिंगटी तीच हाय.”

“म्हणजे तू धरणातली आणून काळी करून विकतेस?” पप्पांनी विचारलं.

“मंग?” बाई म्हणाली. “लोकांना काली पायजे, आमी काली देताव.”

परत येताना पप्पा तिचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून हसत होते. गोणी माझ्या मांडीवर होती आणि ओल्या रेतीने माझा ड्रेस पार खराब झाला होता, पण मीही हसत होते. त्या दिवसाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. नवी वाळू घातल्यावर मासे असे पेटले की मम्मीसुद्धा मशीन थांबवून बघत बसली. “विनाझोळा बरा दिसतो हो,” ती म्हणाली.

मग आम्ही दहा मासे पिशवीत भरून शेअर रिक्षाने उल्हासनगरला गेलो. कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या दुकानांच्या गल्लीत माशांचा एक ठोक व्यापारी आहे. त्याच्या घरचा धंदा आधी जीन्स धुण्या-रंगवण्याचा होता, तो बंद करून त्याने मासे सुरू केले. पन्नाशीचा, सिंधी, बोलायला गोड. सगळे त्याला साईं म्हणतात. त्याने पिशवी उजेडाला धरून दोन-तीनदा फिरवून बघितली. मला वाटलं, जमलं.

“गाव?” त्याने विचारलं.

“व्हेनेझुएला,” पप्पा म्हणाले. न अडखळता म्हणाले.

“आणि पैदा कुठे झाला?”

“अंबरनाथला. माझ्या घरी.”

“मग लोकल आहे ना भाऊ.” साईंने पिशवी खाली ठेवली. “जो इधर पैदा हुआ वो लोकल. लोकलला लोकलचा रेट.”

पप्पा वाद घालणाऱ्यातले नाहीत. त्या दिवशी घातला. आई-बाप व्हेनेझुएलाचे तर पोर कुठलं, असं त्यांनी विचारलं. इथे जन्मलं म्हणून रक्त बदलतं का, असंही विचारलं. साईं ऐकून घेत होता. मला त्याला वाईट म्हणता येत नाही, आणि या सगळ्या प्रकरणातलं हेच मला सगळ्यात जाचतं. कुणीतरी हरामखोर असता तर बरं झालं असतं.

शेवटी साईं म्हणाला, “देखो भाऊ, गावचं जाऊ द्या. मला रंगाचं सांगा. कच्चा की पक्का?”

उल्हासनगरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जीन्स घेताना व्यापारी पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासतो. रुमाल निळा झाला तर रंग कच्चा, माल परत. मम्मीच्या खिशांवर हीच परीक्षा होते, लहानपणापासून मी ती बघते आहे. साईंला एकदा कुणीतरी सुईने रंग टोचलेले मासे विकले होते. महिन्याभरात पाण्यात रंग उतरून मासे पांढरे पडले, आणि गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन भांडायला दुकानात आली. तेव्हापासून तो माशांनाही रुमाल लावतो. त्याचा रुमाल म्हणजे त्याची टाकी. “महिनाभर माझ्याकडे ठेवा. माझं खाणं, माझी लाइट. रंग टिकला तर पक्का. मग लोकल-बिकल काही नाही बोलणार, इम्पोर्टचा पूरा रेट, आणि हर महिने माल उचलेन. उतरला तर घेऊन जा.”

याहून सरळ बोलणं काय असतं! पप्पांचा चेहरा उजळला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी गाव बाजूला ठेवून माल बघायला तयार झालं होतं.

मी टाकीकडे बघितलं. काचेचा तळ उघडा, त्याखाली पांढरी टाइल, वरून भगभगीत ट्यूब. मला ओहोळातली बाई आठवली. मी विचारलं, “थोडी काळी वाळू घालता येईल का?”

“वाळूत जाळी फिरत नाही बेटा. माझ्या सगळ्या टाक्या अशाच. गिऱ्हाईक पण असंच बघून घेतो.”

मी पप्पांना बाजूला घेतलं. म्हटलं, पप्पा, ती बाई काय म्हणाली? धोंडा काळा तर मासा काळा. इथे तर पांढरी फरशी आहे.

पप्पा माझ्याकडे बघून हसले, लहान मुलीकडे बघून हसतात तसे. “अगं, ती आपली गावठी शिंगटी. तिचं काय, जाईल तिथला रंग घेईल. हा व्हेनेझुएलाचा आहे. ह्याचा रंग रक्तातला.”

हे माझे पप्पा बोलले. माणसाला गाव विचारू नये म्हणणारे. माझ्या तोंडावर आलेलं मी गिळलं, कारण साईं पाच फुटांवर उभा होता आणि पप्पांनी मान ताठ ठेवली होती, आणि ती मान तशी बघून मला फार दिवस झाले होते. दहा मासे त्या टाकीत सोडले. सोडले तेव्हा ते निखाऱ्यासारखे दिसत होते.

घरी येऊन पप्पांनी मम्मीला सगळं सांगितलं. पक्का-कच्चाचं ऐकून मम्मीही खूश झाली, तिला तो हिशेब लगेच पटला. दुसऱ्या दिवशी पप्पांनी सुपरवायझरला सांगून टाकलं की पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही, माणूस बघा. मी म्हटलं, घाई कशाला? ते म्हणाले, “आपला माल पक्का आहे. सुपरवायझरला माणूस शोधायला वेळ नको का?” दुसऱ्याची अडचण आधी बघायची, ही त्यांची जुनी खोड.

पहिल्या सुट्टीला ते साईंकडे जाऊन आले आणि म्हणाले, बुजलेत थोडे, नवी जागा आहे. दुसऱ्या सुट्टीला जाऊन आले. पाय चोळत बसले. मी विचारलं तर म्हणाले, पाण्याचा फरक असेल, साईंकडे बोरिंगचं पाणी आहे. महिना भरला तेव्हा मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले.

टाकीच्या एका कोपऱ्यात दहाही मासे एकमेकांना चिकटून उभे होते. नारिंगी म्हणून सांगता आलं नसतं. राखेचा रंग होता तो, आणि पाठीवर जुन्या डागासारखं काहीतरी पिवळट. वर ट्यूब, खाली टाइल, लपायला एक दगड नाही, आणि दिवसभर गिऱ्हाइकं काचेवर बोट आपटत होती. माझ्यादेखत एका मुलाने दोनदा आपटलं. मासे जागचे हलले नाहीत.

साईंला खरंच वाईट वाटलं होतं. त्याने आमच्यासाठी चहा मागवला, पप्पांना स्टूल दिलं, स्वतः उभा राहिला. “भाऊ, कच्चा निघाला,” तो म्हणाला. आवाज खाली आणून म्हणाला. “तुम्ही सीधे आदमी आहात. तुम्हाला कोणीतरी रंगवलेला माल दिला.” महिन्याभराच्या खाण्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. पिशवीत ऑक्सिजन भरून, दोन रबर लावून, मासे नीट बांधून दिले.

मी बोलले. बारवीची बाई, शिंगटी, वाळू, सगळं सांगितलं. रंग उतरला नाही, त्यांनी मिटवून घेतला आहे, घाबरलेत ते, असं सांगितलं. माझा आवाज वाढला होता, शेजारचा जीन्सवाला डोकावून गेला. साईंने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “हो सकता है बेटा. पण गिऱ्हाईक वाळू नाही घेत, मासा घेतो.” पप्पा चहाचा कप हातात धरून बसले होते. त्यांनी माझी बाजू घेतली नाही. त्याचीही नाही.

रिक्षात पिशवी त्यांच्या मांडीवर होती. वाटेत कुणीतरी चढलं, सरकून घ्या म्हणालं, ते सरकले. मग त्यांनी मला विचारलं, “त्या तिसऱ्या मजल्यावाल्यांनी आपल्याला फसवलं का गं?”

“नाही पप्पा.”

“रंगवलेले असतील.”

“त्यांची पिल्लं आपल्या घरात झाली, पप्पा. पिल्लांना कुणी रंगवलं?”

ते पिशवीची रबरं चाचपायला लागले. हे त्यांना माझ्याआधी कळायला हवं होतं, आणि कळलंही असेल. पण पक्का-कच्चाची परीक्षा आमच्या घरात इतकी मुरलेली आहे की एकदा ‘कच्चा’ म्हटलं की मालाच्या बाजूने बोलायला कुणाची जीभ रेटत नाही. खिसे परत आले तर मम्मीसुद्धा कधी वाद घालत नाही.

घरी काळ्या वाळूवर सोडलेले मासे पहिले दोन दिवस तसेच पडून राहिले. मग एकाच्या पाठीवर रंग आला, मग दुसऱ्याच्या, आणि आठवडा व्हायच्या आत दहाही जण पूर्वीसारखे निखारे झाले. मी नाचायचीच बाकी होते. पप्पा टाकीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “ती बाई बरोबर बोलत होती.” एवढंच. मला वाटलं होतं, ते खूश होतील.

मी व्हिडिओ काढून साईंला पाठवला. फोनही केला. तो हसला नाही, रागावलाही नाही. “घरात सगळ्यांचाच रंग खुलतो बेटा,” तो म्हणाला. “मला दुकानात पाहिजे.” मी फोन ठेवून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. तो खोटं बोलला असता तर मी भांडले असते.

मग अंबरनाथच्या दुकानांत फिरलो, बदलापूरच्या दोन ठिकाणी गेलो. या धंद्यातले लोक एकमेकांना ओळखून असतात. एका दुकानदाराने पिशवी न उघडताच विचारलं, “अंबरनाथचे कच्चेवाले ते तुम्हीच का?” म्हणजे आता आम्हालाही गाव मिळालं होतं. तिथून पुढे पप्पांनी कुणालाच व्हेनेझुएला सांगितलं नाही. त्यांनी मासे तपकिरी म्हणून विकले, तपकिरीच्या भावाने, दुकानाच्या पांढऱ्या टाक्यांमध्ये ते दिसतही तसेच होते. घरात पहिले सहा तेवढे राहिले. दोन टाक्या रिकाम्या झाल्या, त्यांत मम्मीने कापडाचे गठ्ठे ठेवले.

नोकरीचं असं झालं की सुपरवायझरने खरोखरच माणूस बघितला होता. पप्पांनी हातापाया पडून काम मागितलं, असं ते म्हणाले नाहीत, पण मागच्या गेटवर त्यांची ड्युटी लागली तेव्हा मी काय ते समजले. मागच्या गेटला केबिन नाही, पत्राही नाही. आठवड्याची सुट्टी गेली. घोट्याजवळ जखम झाली, डॉक्टर म्हणाले होते तशीच, आणि ती भरत नाही. रोज सकाळी मोरीच्या कट्ट्यावर पाय ठेवून ते तिला पट्टी बांधतात, वर क्रेप बँडेज, वर मोजा, वर काळा बूट. मी समोरून जाताना बघत नाही.

यंदाच्या थंडीत बदलापूरपासून इकडे सगळीकडे चांगलाच गारठा पडला. पप्पांनी सवयीने टाकीचं पाणी बदललं होतं आणि नळाचं पाणी बर्फ होतं. कोरीला थंड पाण्याचा झटका बसला की ती अंडी घालते. सकाळी मी ब्रश करत टाकीपाशी गेले तर पुढच्या काचेवर खालपासून वरपर्यंत अंडी चिकटलेली, मोहरीएवढी, मधाच्या रंगाची. इतकी आधी कधीच घातली नव्हती. अंडी बोटाने अलगद सोडवून टबात घ्यावी लागतात, आणि लगेच घ्यावी लागतात, नाहीतर आई-बापच ती खाऊन टाकतात. हे काम नेहमी पप्पाच करायचे, तासन्तास, एकेक अंडं.

“पप्पा, अंडी!” मी ओरडले. मम्मीने मशीन थांबवलं.

ते युनिफॉर्ममध्ये होते, एक बूट घातलेला, एक हातात. तसेच लंगडत आले. काचेला नाक लावून त्यांनी बघितलं आणि क्षणभर त्यांच्या तोंडावर जुनं काहीतरी येऊन गेलं. मी पलंगाखालून टब ओढला, बाही वर केली.

“राहू दे,” ते म्हणाले.

“अहो पण एवढी घातलीयत,” मम्मी म्हणाली.

“राहू दे गं.” ते टाकीकडेच बघत होते, आमच्या कुणाकडे नाही. “इथे जन्माला घालून काय करायचं त्यांना?”

आणि खाली वाकून त्यांनी दुसरा बूट घातला, डबा घेतला, आणि गेले.

मम्मी माझ्याकडे बघत होती. मी हातात टब धरून उभी होते, बाही कोपरापर्यंत वर, लॅबला जायची वेळ होत आली होती. मासे काचेपाशी आले. आधी एकाने एक अंडं टिपलं, मग दुसरा आला, मग सहाही जण मिशा हलवत काच चाटायला लागले, सावकाश, खालून वर. बोट लावलं असतं तर निम्मी तरी वाचली असती. पप्पांनी विचारलं होतं त्याला माझ्याकडे काही उत्तर असतं, तर मी ती काढली असती.